सुट्या भागाची कथा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक संतवाङ्मयावर किंवा फार तर सीमाभागातील बोलीवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज लॅपटॉप संगणकाचे आतले भाग बदलण्याविषयी बोलणार आहे. विषय ऐकून संयोजकांच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटलेले आश्चर्य मी पाहिले. परंतु गुरुजींना ओळखणाऱ्यांना तो विषय परका वाटणार नाही. गुरुजींची सायकल सर्वांना आठवत असेल. तिचा हँडल एका सायकलीचा, मागचे चाक दुसरीचे आणि घंटी तिसरीची होती. आम्ही मुले हसत असू. गुरुजी रविवारी सकाळी ती अंगणात उलटी करून ठेवीत आणि आम्हांला म्हणत, "जी वस्तू तुम्हांला उघडता येते, ती तुमची." या वाक्याचा अर्थ समजायला मला पन्नासहून अधिक वर्षे लागली. तो कसा समजला, हे सांगणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

१. मूळ प्रसंग

निवृत्तीनंतर मी एक छंद लावून घेतला होता. मच्छे, पिरनवाडी, देसूर या परिसरात, खानापूरच्या वाटेवरच्या खेड्यांत आणि तिकडे निपाणीकडेही जाऊन मी वयस्क स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या व जुन्या गोष्टी ध्वनिमुद्रित करीत असे. हा सारा ठेवा २०१४ साली घेतलेल्या माझ्या लॅपटॉपमध्ये होता, आणि फक्त तिथेच होता. हस्तलिखिताची दुसरी प्रत करून ठेवा, असे विद्यार्थ्यांना आयुष्यभर बजावणाऱ्या माणसाने स्वतः ती केली नव्हती. हा दोष सर्वस्वी माझा.

एके दिवशी यंत्रातून टक-टक असा आवाज येऊ लागला. पडदा उजळायला दहा-दहा मिनिटे लागू लागली. शहरातील एका दुरुस्ती-केंद्रात गेलो. काउंटरवरच्या तरुणाने यंत्र न उघडताच निदान केले : "सर, मॉडेल जुने झाले. नवीन घ्या. डेटाची गॅरंटी देता येणार नाही." त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. परंतु ज्यांचे आवाज त्या पेटीत होते, त्यांपैकी बहुतेकजणी आज हयात नाहीत. त्यांचे नवीन मॉडेल कुठून आणणार?

त्या संध्याकाळी आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी घरी आला. मच्छे येथील औद्योगिक वसाहतीत त्याची लहानशी खोली आहे. कारखान्यांतील यंत्रांचे नियंत्रक आणि लोकांचे संगणक तो दुरुस्त करतो. त्याने पहिले वाक्य उच्चारले ते असे : "सर, आता पुन्हा चालू करू नका. जितक्या वेळा चालू कराल तितके जाईल." दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलाजवळ बसून जे पाहिले, त्याने मला इतिहासाच्या एका वेगळ्या वाटेवर नेऊन सोडले. त्या टेबलाकडे मी परत येणार आहे. तत्पूर्वी थोडे मागे जाऊ.

२. नांगर, खिळे आणि सायकल

यंत्राचा झिजलेला भाग काढून दुसरा बसवावा, ही कल्पना आपल्या खेड्याला नवी नाही. लाकडी नांगराचे रुमणे मोडले की सुतार नवे करून देई, फाळ झिजला की लोहार तो पाजळून किंवा बदलून देई. हाळीस आणि जू यांचीही तीच गत. बलुत्याच्या व्यवहारात दुरुस्ती ही वर्षाची बांधलेली सेवा होती. मात्र एका गावच्या नांगराचे रुमणे दुसऱ्या गावच्या नांगराला जसेच्या तसे बसेलच, असे नव्हते. प्रत्येक जोड हातानेच तासून जुळवावा लागे. भाग सुटा होता, पण तो परस्परांत बदलता येण्याजोगा नव्हता.

माझ्या स्वतःच्या क्षेत्रात ही पुढची पायरी छापखान्याने गाठली. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या देवनागरी खिळ्यांची कीर्ती देशभर झाली. एकाच साच्यातून ओतलेले शंभर 'क' एकमेकांच्या जागी चालतात. एखादा झिजला तर जुळारी तो चिमट्याने उचलतो, दुसरा बसवतो आणि पान तसेच राहते. मोठा ग्रंथ छापणे त्यामुळेच शक्य झाले.

युरोपात हाच विचार शस्त्रांच्या कारखान्यात झाला. १७८५ साली पॅरिसजवळ ओनोरे ब्लाँ या फ्रेंच कारागिराने बंदुकीच्या चापाचे सुटे भाग ढिगाने समोर ठेवले. अमेरिकेचे तेव्हाचे फ्रान्समधील प्रतिनिधी टॉमस जेफरसन यांनी त्यांतले हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही चाप जुळवले, आणि ते बिनचूक बसले. हे वर्तमान त्यांनी पत्राने मायदेशी कळवले. पुढे १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमधील निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट जमा केले, त्यांच्या आट्यांची सरासरी काढली आणि सर्वांनी एकच माप पाळावे असा प्रस्ताव मांडला. आट्याचा कोन पंचावन्न अंश ठरला. आज हे किरकोळ वाटते. परंतु एका गावी केलेला बोल्ट दुसऱ्या गावच्या नटात फिरावा, यासाठी आधी माणसांचे एकमत व्हावे लागले. सुटा भाग लोखंडाचा असतो. त्याला जन्म देणारी गोष्ट मात्र करार ही आहे.

हा करार आपल्या बेळगावात चाकांवर बसून आला. गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती त्यांना सोडावी लागली, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिकवू लागले. १८८८ साली त्यांनी बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. ते मुंबईहून सायकली पाठवीत. रामुअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवीत. डनलॉपच्या हवेच्या धावेला पेटंट मिळाले तेही त्याच वर्षी, १८८८ मध्ये. आजचा किर्लोस्कर रोड त्या घराण्याची आठवण सांगतो.

सायकल हे सामान्य माणसाच्या घरात आलेले पहिले उघडे यंत्र. तिचे सारे अवयव बाहेर दिसतात. साखळी, छर्रे, आरे, ब्रेकचे गुटके यांतले काय बिघडले हे डोळ्यांना कळते आणि पान्याने ते काढता येते. सायकल विकणारा माणूस तिची दुरुस्ती शिकतो, दुरुस्ती करणारा माणूस भाग घडवू लागतो, आणि भाग घडवणारा शेवटी यंत्र घडवतो. किर्लोस्करांच्या बाबतीत हेच झाले. सायकलीनंतर कडबा कापण्याचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर खपायला वेळ लागला. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंध संस्थानच्या अधिपतींनी माळरान दिले आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

कारखाना गेला, पण बेळगावच्या मातीत यंत्राचे वेड उरले. उद्यमबागेतील आणि मच्छे येथील ओतशाळा व लेथची दुकाने ही त्याच परंपरेतील आहेत. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्य आवार मच्छेलाच आहे, हेही या संदर्भात मला अर्थपूर्ण वाटते. एकाच गावात यंत्रशास्त्राचा सिद्धान्त आणि पान्याचा हात शेजारी राहतात.

३. संगणकात देवनागरी आली ती एका पाटीवरून

संगणकाच्या इतिहासातील निर्णायक क्षण ऑगस्ट १९८१ चा. आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याचे झाकण उघडले की मुख्य पाटीवर पाच खाचा मोकळ्या दिसत. ज्याला जे हवे ते त्याने त्यांत बसवावे, अशी ती व्यवस्था होती. शिवाय कंपनीने त्याच्या मंडलांचे आराखडे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यामुळे जगात कोणीही त्या खाचेत बसेल अशी पाटी तयार करू शकला.

यात मराठी माणसाचे काय, असे कोणी विचारील. उत्तर असे की, आपली लिपी या संगणकात शिरली ती अशाच एका खाचेतून. कानपूरच्या आयआयटीत झालेल्या संशोधनातून 'जिस्ट' हे तंत्र निर्माण झाले. मोहन तांबे हे त्याच्या निर्मात्यांपैकी प्रमुख. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने ते पुढे नेले. जिस्ट कार्ड नावाची पाटी संगणकाच्या मोकळ्या खाचेत बसवली, की इंग्रजीशिवाय काही न जाणणाऱ्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटू लागत. मी ते प्रथम नव्वदीच्या दशकात पाहिले. 'ज्ञानेश्वर' हा शब्द जोडाक्षरासह पडद्यावर उमटला तेव्हा खोलीतील आम्ही सगळे प्राध्यापक उभे राहिलो होतो. त्या खाचा नसत्या, यंत्र बंद पेटीसारखे आले असते, तर आपल्याला परदेशी कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागली असती.

व्हिटवर्थच्या आट्यांचा धडा इथेही पुन्हा गिरवावा लागला. निरनिराळे फॉन्ट निरनिराळे संकेत वापरीत; एकात लिहिलेला लेख दुसऱ्यात उघडला की त्याचा चिवडा होई. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रमाण ठरवली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. अक्षरालाही माप लागते. ते सर्वांचे एक असले तरच मजकूर एका यंत्रातून दुसऱ्यात जातो.

४. मच्छे येथील टेबल

आता त्या टेबलाकडे परत येतो. लॅपटॉप म्हणजे हाच उघडा संगणक घडी घालून पिशवीत बसवलेला. १९८१ चा ऑस्बोर्न हा 'उचलता येणारा' संगणक सुमारे अकरा किलोंचा होता. पुढच्याच वर्षी ग्रिड कंपास आला, त्याचा पडदा शिंपल्यासारखा मिटत असे. यंत्र लहान झाले, तरी पुढील वीस-पंचवीस वर्षे बहुतेक लॅपटॉपांच्या पोटाला लहान झाकणे असत. एका झाकणाखाली स्मृतीची पट्टी, दुसऱ्याखाली हार्ड डिस्क. बॅटरी तर कडी सरकवली की हातात येई.

माझा लॅपटॉप त्या पिढीच्या अखेरीचा. विद्यार्थ्याने आधी बॅटरी काढली, आत उरलेली वीज जावी म्हणून चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरले, आणि स्वतःच्या अंगातील स्थिर वीज उतरावी म्हणून धातूच्या पट्टीला हात लावला. मग तळाचे स्क्रू काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी परत जाईल अशा रीतीने कागदावर ओळीने मांडले. "लांब स्क्रू आखूड जागी गेला तर पाटीला भोक पडते, सर." ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल रेघा मारण्यात आयुष्य घालवलेल्या मला ही शिस्त ओळखीची वाटली.

हार्ड डिस्क त्याने बाहेर काढून दाखवली. आत मिनिटाला ५४०० वेळा फिरणारी चकती असते आणि वाचणारी सुई तिला न टेकता, केसाच्या जाडीच्या अंशाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. ती सुई जागा शोधताना चुकत होती. टक-टक आवाज तिचाच. त्याने दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी त्या डिस्कची नक्कल सुरू केली. जे सहज वाचता येते ते आधी घ्यायचे, आणि हट्टी भागाकडे शेवटी वळायचे, ही त्याची पद्धत. एक रात्र आणि पुढचा दिवस ते काम चालले. अकरा ध्वनिमुद्रणे हाती लागली नाहीत. त्यांत देसूरच्या एका आजींची रामजन्माची पूर्ण कथा होती. ती आता कुणाकडेच नाही. बाकीचे सारे वाचले.

नंतरचे काम तासाभराचे. जुन्या डिस्कच्या जागी फिरणारा भाग नसलेली, चिपांवर साठवणारी नवी डिस्क तंतोतंत बसली, कारण तिची लांबी-रुंदी आणि जोडणी दोन्ही प्रमाण मापाच्या होत्या. स्मृतीची नवी पट्टी त्याने तिरकी धरून खाचेत सरकवली आणि दाबली. दोन्ही बाजूंच्या कड्या टक् करून बसल्या. पट्टीच्या कडेला एक खोबण असते. तिसऱ्या पिढीच्या पट्टीची खोबण एका जागी, चौथीची दुसऱ्या जागी. चुकीची पट्टी बसूच नये, अशी ती योजना. पंख्यात साचलेली धूळ ब्रशने काढून आणि उष्णता वाहून नेणारा लेप नवा लावून त्याने झाकण लावले. यंत्र अर्ध्या मिनिटात उजळले.

५. डाख आणि डिंक

त्यानंतर वर्षभरातच दुसरा प्रसंग घडला. मुलाने मला २०२१ साली एक अतिशय पातळ, देखणा लॅपटॉप भेट दिला होता. तो एकाएकी सुरू होईना. त्याच विद्यार्थ्याकडे नेला. त्याने झाकण उघडून मला आत पाहू दिले. बॅटरी डिंकाने चिकटवलेली. स्मृतीच्या चिपा मुख्य पाटीवरच डाख देऊन पक्क्या केलेल्या. बिघाड स्मृतीच्या एका चिपेत होता. म्हणजे सारी पाटीच बदलायची, आणि तिची किंमत नव्या यंत्राच्या जवळ जाणारी. तो म्हणाला, "सर, इथे माझ्या हाताला काम नाही."

हे असे का झाले, याचाही विचार न्यायबुद्धीने केला पाहिजे. २००८ साली लिफाफ्यात मावेल असा लॅपटॉप जाहिरातीत झळकला. त्याची स्मृती पाटीवरच पक्की होती. २०१२ पासून मोठ्या, महागड्या यंत्रांतही हा प्रकार आला, आणि पुढे तो पसरला. यामागे केवळ लोभ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. खाच आणि कड्या काढल्या की जाडी घटते. चिप आणि मेंदू यांमधील वाट जितकी आखूड, तितका वेग जास्त आणि वीज कमी. ढिला होऊ शकणारा एक सांधाही कमी होतो. परंतु या हिशेबात एक रकाना रिकामा राहिला, तो मालकाच्या उद्याचा. बॅटरी झिजणारच, हे करणाऱ्यालाही ठाऊक असते. झिजणारा भाग चिकटवून टाकणे म्हणजे फाळ नांगराला कायमचा ओतून देणे होय.

या प्रश्नाची जाणीव जगाला झाली आहे. २०२१ साली अमेरिकेतील फ्रेमवर्क कंपनीने प्रत्येक भाग स्क्रू-ड्रायव्हरने बदलता येईल असा लॅपटॉप काढला. डिसेंबर २०२३ मध्ये स्मृतीसाठी 'कॅम-२' हे नवे प्रमाण प्रसिद्ध झाले. पातळपणा आणि वेग राखूनही पट्टी सुटी ठेवता येते, हे त्याने दाखवले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून बाजारात येणाऱ्या लहान उपकरणांची बॅटरी, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारनेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढील चार क्षेत्रांत मोबाइल, वाहने आणि घरगुती उपकरणे यांच्या बरोबरीने शेतीची अवजारे होती. किर्लोस्करांच्या नांगरापासून निघालेले वर्तुळ तिथे येऊन मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने निघालेल्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६.२ कोटी टन विद्युत-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. त्या ढिगात एकच भाग बिघडलेली किती यंत्रे असतील, याची कल्पना करावी.

कधी कधी भाग धड असूनही यंत्र बाद होते. विंडोज-१० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि नवी आवृत्ती जुन्या मेंदूंना स्वीकारीत नाही. माझा २०१४ चा लॅपटॉप त्यांतलाच. विद्यार्थ्याने त्यावर लिनक्स बसवून दिले. हे व्याख्यान मी त्याच यंत्रावर लिहिले.

आणि तो देखणा लॅपटॉप? त्यात माझ्या ओव्यांची दोन वर्षांची लिप्यंतरे होती. प्रतीचा धडा मी अर्धाच शिकलो होतो : ध्वनिमुद्रणांच्या प्रती ठेवल्या, लिप्यंतरांच्या ठेवल्या नाहीत. विद्यार्थ्याने पुन्हा एकदा वाकून पाहिले आणि बोटाएवढी एक पट्टी एका स्क्रूने धरलेली दाखवली. साठवण तेवढी सुटी ठेवलेली होती. एक स्क्रू निघाला, पट्टी दुसऱ्या यंत्रात गेली, आणि एकही अक्षर न हरवता सारे परत मिळाले. त्या बंद पेटीत सुटा भाग एकच होता, आणि माझे काम तेवढ्यावर तरले.

६. उपसंहार

गुरुजींच्या वाक्याचा अर्थ मला असा त्या टेबलाशी कळला. पावती आपल्या नावाची असते. परंतु बिघडल्यावर ज्या वस्तूपुढे आपण हात जोडून उभे राहतो, ती पूर्णपणे आपली नसते. तिला आपली करणाऱ्या गोष्टी तीन : भाग सुटा असणे, त्याचे माप सर्वांना ठाऊक असणे, आणि तो बदलणारा हात जवळपास असणे. पहिल्या दोहोंचा आग्रह आपण दुकानात धरू शकतो. स्मृती वाढवता येते का, साठवण सुटी आहे का, बॅटरी बदलून मिळेल का आणि किती वर्षे, एवढे चार प्रश्न विचारल्यावाचून पैसे मोजू नयेत. तिसरी गोष्ट मात्र दुकानात मिळत नाही. ती शाळेत तयार होते.

म्हणून एक नम्र सूचना करतो. शाळेच्या भांडारात बंद पडलेले जुने संगणक असतील. ते भंगारात देण्यापूर्वी त्यांतला एक प्रयोगशाळेच्या टेबलावर उघडून ठेवावा. मुलांनी स्मृतीची पट्टी काढावी, खोबण पाहावी, पुन्हा बसवावी. फुगलेल्या बॅटरीला मात्र हात लावू नये आणि विजेशी खेळू नये, हे शिक्षकांनी आधी सांगावे. त्या कामासाठी लागणारे स्क्रू-ड्रायव्हर आणि पहिला महिना शिकवायला येणारा एक माजी विद्यार्थी, या दोन्हींची व्यवस्था मी केली आहे. तो आज शेवटच्या रांगेत बसला आहे. त्याचे नाव मी घेऊ नये, अशी त्याची अट आहे.

वाचलेल्या ध्वनिमुद्रणांची एक प्रत मी आज शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. दुसरी माझ्याकडे आहे, तिसरी मुलाकडे. ज्यांच्या आजी-पणजींचे आवाज त्यात असतील, त्यांनी येऊन अवश्य ऐकावेत.